नाव सोडून बाकी सगळं

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. माणसांचे बोलणे टिपून ठेवणारा, मुठीत मावेल एवढा. माझ्या बॅटरीचे झाकण कधीच तुटले; आता एक चिकटपट्टी त्याची अब्रू राखते आहे. माझी अब्रू मात्र कशानेच राखली नाही. ती कशी गेली, तेच सांगतो.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा एका बाईने माझ्यासमोर घसा खाकरला, तो आवाज परत ऐकून पाहिला आणि मला पास केले. तिथून मी विद्यापीठाच्या एका विभागात आलो. काम एकच. समोरचा जे बोलेल ते जसेच्या तसे ठेवायचे. डोळ्यांना पापण्या असतात, माझ्या कानाला काही नाही. तो मला मिटता येत नाही. विभागातले सर कौतुकाने म्हणत, "याच्यासमोर कुजबुजू नका, हा सगळं ऐकतो." मी फुशारून जायचो.

पुढे मी एका तरुण संशोधिकेच्या हाती पडलो. वय झालेल्या कामगारांवर तिचा अभ्यास होता. निवृत्ती जवळ आली की कुणी सुटकेची वाट पाहतो, तर कुणाचा पाय निघत नाही; असे का, हे तिला शोधायचे होते. ती भारी काटेकोर. टेबलाचा धक्का माझ्यात उमटू नये म्हणून माझ्याखाली रुमालाची घडी ठेवायची.

एकदा ती मला बसआगाराच्या कार्यशाळेत घेऊन गेली. तिथल्या मुख्य मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. तरुणपणी ते सर्कशीत मोटारसायकल चालवायचे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतात, अशी त्यांची ख्याती होती.

"काका, अगदी मोकळेपणाने बोला. नाव आम्ही कुणाचंच छापत नाही," संशोधिका म्हणाली.

उस्तादांनी खोलीचे दार नीट लागले आहे ना, ते पाहिले. "खरं सांगू, ताई? मला ऐकूच कमी येतं. झाली असतील दोनेक वर्षं. मी आपला इंजिनावर तळहात ठेवतो, थरथर कळते. पोरांना वाटतं, उस्ताद गाडीला आशीर्वाद देतायत!" ते स्वतःच हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरीसुद्धा माहीत नाही. बायको म्हणते, मी मुद्दाम दुर्लक्ष करतो. म्हणू दे. एक वर्ष राहिलंय. तेवढं उस्ताद म्हणून निघू दे."

मी ते सगळे टिपले. मधले उसासेसुद्धा.

लेख तयार झाला. संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाने तो परीक्षकांकडे पाठवला. एका परीक्षकाचा शेरा आला: सहभागी व्यक्तींविषयी अधिक तपशील हवा. संशोधिकेने मला पुन्हा ऐकले आणि एक तक्ता केला. उस्तादांच्या ओळीत नाव नव्हते. होते ते एवढेच: वय एकोणसाठ, बसआगारातील मुख्य मेकॅनिक, पूर्वी सर्कशीत मोटारसायकलस्वार, श्रवणदोष सहकाऱ्यांपासून लपवतो. परीक्षकाचे समाधान झाले. लेख छापून आला. विभागात टाळ्या वाजल्या, सरांनी मलाही थोपटले.

ज्यांनी आपल्याला वेळ दिला त्यांना निष्कर्ष कळलेच पाहिजेत, असा संशोधिकेचा नेम होता. म्हणून तिने सोप्या भाषेत सारांश लिहून, तक्त्यासकट, आगाराला पाठवला. आगारप्रमुखांची छाती फुगली. त्यांनी तो जेवणघरातल्या फळ्यावर लावला. लावण्याआधी वाचला मात्र नाही.

काही महिन्यांनी आम्ही मुलाखतींच्या दुसऱ्या फेरीसाठी गेलो. उस्ताद इंजिनांपाशी नव्हते. सुट्या भागांच्या खिडकीत बसून नटबोल्ट देत होते. एक कामगार हातांचा कर्णा करून ओरडला, "उस्ताद, वॉशर! वॉ-श-र! का तळहातावर लिहून दाखवू?" बाकीचे खिदळले.

संशोधिका जागीच थिजली. सवयीने तिने मला खिडकीच्या फळीवर ठेवून चालू केले आणि लगेच बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या चालू," उस्ताद म्हणाले. "आता लपवायला उरलंय काय?"

"काका, मी नाव नव्हतं हो लिहिलं," ती त्यांच्याकडे वाकून म्हणाली.

"नाव सोडून बाकी सगळं लिहिलंत की! सर्कशीतून आलेले किती मेकॅनिक आहेत इथे?"

तिची मान खाली गेली. "माझी चूक झाली," ती पुटपुटली.

"काय?"

"माझी चूक झाली, काका."

"मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही, तुम्हीच छापलंय."

तेव्हा ती ओरडली. सगळ्या कार्यशाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, "माझी चूक झाली! तुम्ही विश्वासाने सांगितलंत आणि मी ते जगाला सांगितलं!"

हातोड्यांचे आवाज थांबले. वॉशर मागणारा आपल्याच बुटांकडे बघू लागला.

"आलं ऐकू," उस्ताद शांतपणे म्हणाले. "आता विचारा, काय विचारायचंय ते."

तिने तितक्याच मोठ्याने विचारले, "निवृत्तीनंतर काय करायचं ठरवलंय?"

"ठरवलंय. पण ते तुम्हाला सांगणार नाही."

मित्रांनो, तिने नियतकालिकाला विनंती करून संकेतस्थळावरचा तक्ता काढायला लावला. छापलेले अंक वाचनालयांत गेले ते गेलेच. उस्तादांना काही इंजिनांकडे परत नेले नाही. कमी ऐकणाऱ्याची जागा गेली आणि सगळे ऐकणाऱ्याची पाठ थोपटली गेली, हे आठवले की मला कपाटातल्या अंधारातही तोंड लपवावेसे वाटते.

मला गप्प बसता येत नाही. कुणीही कळ दाबली की मी बोलतो. तुम्हाला गप्प बसता येते. कुणी विश्वासाने तुमच्यापाशी मन मोकळे केले, तर त्याचे नुसते नाव झाकून थांबू नका. माणूस झाकला गेला का, ते पाहा.