रंग कडेला बसला

"टाकू नकोस ती!" म्हणत सुनेने टेक्निशियनच्या हातातली स्लाइड अशी हिसकावली, की लॅबच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सासूबाई दचकून उभ्याच राहिल्या.

"मॅडम, बिघडलीय हो. पेशीच्या केंद्रात बसायचा रंग नुसता कडेला बसलाय. दुसरी करतो."

"कडेला?" सून मायक्रोस्कोपवर वाकली ती वर बघेचना.

सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की त्या काचेवर आपल्याच गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचा पापुद्रा आहे. सुईच्या तपासणीत पेशी कॅन्सरसारख्या दिसल्या म्हणून अर्धी ग्रंथी काढली. आता उरलेलीही काढू, असं सर्जन म्हणत होता. पहिल्या खेपेलाच आवाज बसला होता. ज्या आवाजाने दीर, जावा आणि अख्खी गल्ली धाकात ठेवली, तो फाटक्या भात्यासारखा फसफसू लागला. नातवंडं हाकेला ओ देईनात. आत्ता कुठे तो परतत होता. "मेले तरी चालेल, मुकी होऊन जगायची नाही," असं त्यांनी घरात ठणकावलं होतं. म्हणजे, पुटपुटलं होतं.

"आई, इकडे या! लवकर!"

सुनेचे गाल लालबुंद झाले होते. स्वतःच्या लग्नातही ही एवढी खुलली नव्हती.

"घरी दूध उतू गेलेलं दिसत नाही हिला, आणि इथे—"

"टोमणे नंतर मारा. बसा इथे." मायक्रोस्कोपला समोरासमोर दोघींपुरत्या दुर्बिणी होत्या. "या पेशी कॅन्सरचं सोंग घेतात, आई. तशाच खाचा, तसेच ठिपके. सुईच्या तपासणीत त्यांनी आम्हाला फसवलं. पण रंग असा कडेकडेनं बसला ना, की सोंग उघडं पडतं! ही गाठच वेगळ्या जातीची. फार क्वचित दिसते, आणि सहसा पसरत नाही."

"म्हणजे पुन्हा सुरी?"

"नाही लागायची! घरच्या माणसाच्या रिपोर्टवर मी सही करत नाही, ती मोठे सर करतील. पण काढलेली गाठ पाहिल्यापासून त्यांनाही हाच संशय होता. मी पळत जाऊन बोलावते त्यांना!"

टेक्निशियन कान खाजवत हसला. "आणि मी टाकायला निघालो होतो."

"तुझे हात कलम केले असते हिने," सासूबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत निघाला. त्यांनी घाईघाईने दुर्बिणीला डोळे लावले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

"दिसतंय का, आई?"

"काय दिसणार? काच धूसर आहे तुझी."

सुनेने आपल्या बाजूने पाहिलं. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. ती सासूबाईंच्या बाजूला आली आणि मऊ फडक्याने त्यांच्या दुर्बिणीची ओली काच हलकेच पुसली.

"हो," ती म्हणाली, "जुनं आहे यंत्र. होतं असं कधीकधी."