अखंडबाबांचा फळा

सायकलच्या दुकानावरचा हॉल सकाळी आठलाच गच्च भरला होता. जिन्यावर माणसं एका हाताला दुसऱ्याचा आधार देऊन ताटकळत होती आणि आतून येणारा जो तो छातीशी काचेची बरणी धरून उतरत होता. बरणीत त्याचा जुना खांदा. म्हणजे खांद्यातला झिजलेला गोळा, अखंडबाबांनी कातडीला नखही न लावता काढलेला. नवा गोळा आत कुठून शिरला, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो निखळतो म्हणे.

गावानं यामागं तर्कही बांधला होता. हॉस्पिटलात पूर्वी खांदा बदलायला वीतभर चिरायचे. आता स्नायू न कापता दोन स्नायूंच्या फटीतून आत जातात, चार बोटांचा छेद पुरतो. छेद लहान होणं ही प्रगती, तर ज्याचा छेदच नाही तो सगळ्यांत पुढारलेला. या न्यायानं घास कमी करत उपाशी बसणारा सगळ्यांत धडधाकट ठरला असता, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

रांगेत सतरावा होता रंगारी. तीस वर्षं छतं रंगवून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता, ब्रश छातीच्या वर जात नव्हता. येत्या मंगळवारी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कसलीही फुशारकी मारली नव्हती. छेद लहान ठेवू, स्नायू वाचवायचा प्रयत्न करू, पण नंतर महिनोन्महिने व्यायाम करावा लागेल, असं सांगितलं होतं. ही तारीख हुकली तर पुढची आठ महिन्यांनी, आणि तोवर शिडी बंद म्हणजे घरची चूलही बंद. तिसऱ्या मजल्यावर परांचीवर उभं राहून रंग देणाऱ्या या गड्याचे पाय सुरीचं नाव काढताच लटपटत. हे त्याच्या मेहुण्याला पक्कं ठाऊक होतं. तोच भाऊजींना आणि आपल्या ताईला इथं घेऊन आला होता.

बाबांची एकच अट होती. उपचार झाला की हॉस्पिटलची फाइल सगळ्यांसमोर फाडायची. कोपऱ्यातली टोपली फाटक्या फायलींनी काठोकाठ भरली होती.

भिंतीला एक उंच चकचकीत पांढरा फळा होता. वरचं टोक झालरीत, खालचं एका लाकडी पेटीत गेलेलं. रंगाऱ्यानं निळ्या रंगात पंजा बुडवला आणि दात-ओठ खात जमेल तेवढ्या उंचीवर उमटवला. मधलं बोट शेजारच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाच्या रेषेत आलं. हे त्याला मुद्दाम बघावं लागलं नाही. भिंत रंगवायच्या आधी बटणांभोवती कागद चिकटवायचा, ही तीस वर्षांची सवय. कुठंही गेला तरी त्याची नजर आधी तिथंच जाई.

फळ्यापुढं पडदा ओढून त्याआड त्याला फळ्याकडं पाठ करून आडवं केलं. कसलासा गारेगार फवारा मारला. "कापणारे कापतात," बाबा डोळे मिटून म्हणाले, "आम्ही अणूंना फक्त सरका म्हणतो."

"ऐकतात?" रंगाऱ्यानं विचारलं.

"प्रेमानं सांगितलं तर."

अक्रोड फुटावा तसा आवाज झाला आणि त्याच्या हातात बरणी आली.

"दुखतंय?" पडदा सारून बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

दुखत होतं. रोज टोचायचं तिथंच टोचत होतं. पण समोर बायको हात जोडून उभी होती. आपलीच श्रद्धा तोकडी पडली असं वाटून तो ओशाळला आणि नाही म्हणाला. मग त्यानं पुन्हा फळ्यावर पंजा उमटवला. हॉलमध्ये एकच गलका झाला. नवा पंजा जुन्याच्या चांगला वीतभर वर होता. मेहुण्याला रडूच कोसळलं. बाबांनी फाइल रंगाऱ्याच्या हातात दिली. "फाड."

त्यानं फायलीचा कोपरा चिमटीत धरला आणि सवयीनं बटणांकडं पाहिलं. नव्या पंज्याचं मधलं बोट पंख्याच्या बटणाच्या रेषेत होतं.

"बाबा," तो सावकाश म्हणाला, "माझा हात वर गेलेला नाही. आधीचा पंजा खाली आलाय."

लोक फळ्याकडं आणि बटणांकडं आळीपाळीनं बघू लागले. मग मेहुण्यानं तोड काढली. "भाऊजी, बटण वर गेलं असेल. बाबांची कृपा."

लोकांना हे पटलं. दोघांनी बटणांपुढं हात जोडले. एकानं पंखाही वर गेलाय का, म्हणून मान वर केली. रंगाऱ्यानं डाव्या हातानं बटण दाबलं. पंखा फिरू लागला.

"वायर भिंतीत पुरलेली असते. बटण वीतभर सरकलं असतं तर तुटली असती," तो म्हणाला आणि पेटीकडं गेला. झाकण त्याला उचलेना, ते बायकोनं उचललं. आत फळ्याचं खालचं टोक लोंबत होतं, त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून बाजूच्या दुसऱ्या पडद्यामागं गेली होती. तिथं एक चेला दोरी धरून इमानेइतबारे बसला होता.

"बाबा, वर घेऊ का?" त्यानं विचारलं.

बायकोनं बरणी उघडून वास घेतला. "बोकडाचं हाड आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं रांधतेय, मला कळत नाही होय?"

तेवढ्यात एक म्हातारी आजी पुढं आली. "माझा अजून दुखतोच," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच मन साफ नाही." मग मागून कुणी म्हणालं, माझाही. मग अर्धा हॉल. सगळ्यांचा दुखत होता आणि प्रत्येकजण आपण एकटेच पापी समजून गप्प होता. रंगाऱ्याला त्यांची कीव आली, आणि स्वतःचीही.

या गडबडीत बाबांनी मागच्या जिन्यानं स्वतःच्याच अणूंना सरका म्हटलं. त्यांच्यामागं धावायचं कुणाला सुचलं नाही. टोपली उपडी झाली, माणसं जमिनीवर बसून आपापल्या फायलींचे तुकडे जुळवू लागली, आणि रंगारी डाव्या हातानं खळ लावत त्यांच्यात बसला. त्याची फाइल शाबूत होती.

मंगळवारी तो ऑपरेशनला गेला. पाय लटपटले, पण गेला. आता घरच्या दाराच्या चौकटीवर बायको दर आठवड्याला त्याचा हात पोचेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारते. पहिली कमरेशी होती, तिसऱ्या महिन्यातली हनुवटीशी आहे. मेहुणा आधी चौकट हलवून बघतो, मग रेघ बघतो.

त्यानं तरी हे शिकून घेतलं, तुम्हीही घ्या. कुणाचा हात वर गेला म्हणून लोक टाळ्या वाजवू लागले, की आधी भिंत जागेवर आहे का ते बघा. आणि कुणी विचारलं तर दुखतंय तेव्हा दुखतंय म्हणा. निम्मे बाबा तेवढ्यानंच जिना उतरतील.