देहदानाची ड्रायव्हिंग टेस्ट

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. आमच्या या मास्तरांनी तो दुसरा ब्रेक इतकी वर्षं दाबला, की निवृत्तीनंतर शिकवणं सुटलं तरी पायाची खोड सुटली नाही. सिनेमात नायकाची गाडी वळणावर आली, की मास्तरांचा उजवा पाय पुढच्या खुर्चीत रुतायचा. घरी सोफ्यापुढच्या फरशीला टाचेएवढा खळगा पडला होता, आणि पुसायचं पाणी त्यात साचतं म्हणून बायको रोज करवादायची. जुन्या दोस्ताला शेवटचं पोचवायला शववाहिकेत ड्रायव्हरशेजारी बसले, तेव्हा तर पायाखाली काही नसताना त्यांनी असा ब्रेक मारला, की गाडी जागच्या जागी थांबली. खोटं वाटेल, पण तो ड्रायव्हर आजही शपथेवर सांगतो, त्याचा स्वतःचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

त्याच दिवशी घरी येऊन मास्तरांनी जेवताना जाहीर केलं, "मी देहदान करणार. मेडिकल कॉलेजला."

"आधी ताट संपवा," बायको म्हणाली.

"थट्टा नाही करत. जन्म शिकवण्यात गेला. जाळा नाहीतर पुरा, हे शरीर वायाच जायचं. त्यापेक्षा पोरांना उपयोगी पडेल. बॉनेट उघडून आत बघितल्याशिवाय कुणी मेकॅनिक होतो का?"

"तुमच्या बॉनेटखाली काय आहे ते मला येऊन विचारा म्हणावं. उघडायचे कष्ट वाचतील."

मास्तर हसले. पण संमतीच्या कागदावर बायकोची सही लागते असं कळल्यावर त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला, आणि तिने तो उचलून जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "बाबा, आई सही करत असेल तर माझी काही हरकत नाही."

"आणि नसेल करत तर?"

"तर तुमचा फोन मला लागलाच नाही."

मग घरात अबोला सुरू झाला. मास्तरांच्या जिवाला खरंच लागून राहिलं होतं. वर्गाशिवाय त्यांना करमत नसे. निदान मेल्यावर तरी भोवती पोरं जमतील, एवढी एकच आशा उरली होती, आणि ती एका सहीपाशी अडून बसली होती. शेवटी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती तिथे ते जाऊन उभे राहिले.

"तुझी अडचण तरी काय आहे?"

"लग्न झाल्यावर मला गाडी शिकवायला नेलंत. आठवतंय?"

मास्तरांना आठवत होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांनी इतके ब्रेक मारले होते, की ती गाडी चालू ठेवून खाली उतरली आणि चालत घरी गेली.

"बाहेरच्या पोरापोरींना अख्खं गाव हिंडवलंत," ती म्हणाली. "मला गल्ली ओलांडू दिली नाहीत. आता मेल्यावरही बाहेरच्यांनाच शिकवायला निघालात, आणि वर सही माझी?"

"मग मी काय करू म्हणतेस?"

"कॉलेजपर्यंत गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं. ब्रेकला पाय लागला, तर सही नाही."

"अगं, पण तुला येते कुठे?"

तिने साड्यांच्या चळतीखालून लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. समोरच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून गुपचूप शिकली होती. त्या स्कूलच्या मालकाला मास्तर 'भोंगा' म्हणत, कारण त्याची पोरं गाडीपेक्षा हॉर्न जास्त चालवत.

"भोंग्याकडे?" मास्तरांनी लायसन्स उलटंपालटं करून पाहिलं. मरणाची त्यांनी तयारी केली होती, याची नव्हती.

"त्याने एकदाच ब्रेक दाबला. तोही मांजर आडवं आलं म्हणून. आणि कॉलेजच्या त्या चिरफाडीच्या टेबलावर पाय झाडत पडणार आहात का? आत्तापासून सवय करा."

स्कूलची जुनी गाडी, दोन्ही ब्रेकांसकट, अजून दारात होती. मास्तर सीटवर मांडी घालून बसले आणि उजवा पाय अंगाखाली दाबून धरला. गाडी सुटली. चौकात एक सायकलवाला आडवा घुसला, तसा अंगाखालचा पाय जाळ्यातल्या माशासारखा तडफडायला लागला. मास्तरांनी दोन्ही हातांनी घोटा आवळला.

"पुढे बस थांबलीय."

"दिसतेय."

"दिसतेय तर मग..."

"मेलेला माणूस बोलतो का?"

मास्तरांनी तोंड मिटलं, डोळेही मिटले. थोड्या वेळाने, एकही धक्का बसला नाही म्हणून, भीत भीत उघडले. वळण यायच्या कितीतरी आधी तिने वेग उतरवला होता. गिअर पडताना पोटातलं पाणीही हललं नव्हतं. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. सगळा जन्म दुसऱ्यांच्या पायांवर नजर ठेवण्यात गेला होता. या रस्त्याला एवढी झाडं आहेत, हे त्यांना आज कळलं.

कॉलेजच्या दारात मात्र घोटाळा झाला. अंगाखालचा पाय बधिर होऊन लाकूड झालेला. बायकोने काखेत हात घालून त्यांना ओढत आत नेलं, तेव्हा टेबलामागच्या डॉक्टरबाई दचकून उठल्या.

"यांना अजून वेळ आहे ना?"

"आहे हो. नुसती मुंग्यांची तक्रार आहे," बायको म्हणाली आणि खुर्ची ओढून, चष्मा लावून, शांतपणे सही करून मोकळी झाली.

मास्तरांनी सहीकडे पाहिलं. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "भोंग्याने बरं शिकवलंय," एवढंच जमलं.

"पार्किंग बघाल तर रडाल," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कागद ठेवून घेतला. "एक लक्षात असू द्या. अपघातात गेलेला, पोस्टमॉर्टेम झालेला देह आम्हाला घेता येत नाही. घरच्या घरी, शांतपणे गेलेला लागतो."

"म्हणजे आत्ता जाताना रस्त्यात काही झालं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर सगळंच वाया."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

गाडीत बसल्यावर मास्तर म्हणाले, "परीक्षा झाली. आता पाय खाली सोडू?"

"सोडा. ब्रेकला लावायचा नाही."

"आता का? सही तर केलीस."

"केली म्हणूनच. तुम्हाला धड पोचवायचं आता माझ्याकडे लागलंय. मध्ये तुमची लुडबुड नको."

आणि तिने गाडी अशी जपून काढली, की आधी सायकली पुढे गेल्या, मग एक ढकलगाडी, आणि मग काठी टेकत चाललेले एक म्हातारबाबाही खिडकीतून मास्तरांकडे बघत बघत पुढे निघून गेले. मास्तरांचा उजवा पाय उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर शोधायला लागला, आणि तो त्यांच्या बाजूला कुणी कधी बसवलेलाच नव्हता.