बातमीच्या टेबलावरचा टेलिफोन

मित्रांनो, नंबर दाबायचे नसत, चकतीत बोट घालून फिरवायचे असत, त्या काळातला मी एक काळा टेलिफोन. कारखान्यात मला पहिल्यांदा तार जोडली, तेव्हा पोटात एक गुणगुण सुरू झाली. दूर कुणीतरी झोपेत गातंय अशी. ती ऐकत ऐकतच मी मोठा झालो म्हणा ना.

मला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत नेलं. खिडकीजवळच्या लांब टेबलावर माझी जागा होती. खालच्या मजल्यावर छपाई सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि मी पेंगल्यासारखा डुलायचो. मग माझ्यातून आवाज वाहत जायचे. आवाजांच्या मागे कुठे वाहता नळ असायचा, कुठे बाळाचं रडणं, तर कुठे नुसतं शांत घर. न पाहिलेली ती घरं मला स्वप्नासारखी दिसायची.

मला सगळ्यात जास्त वापरायच्या त्या उपसंपादक ताई. बातम्या तपासायच्या, त्यांना मथळे द्यायचे, हे त्यांचं काम. बोलता बोलता त्या माझ्या वायरीला पीळ घालत. शिपाईकाका सकाळी तो सोडवत आणि पुटपुटत, "वेणी घालायची एवढी हौस असेल, तर घरी घालावी माणसानं."

एक दिवस गावातला पोहण्याचा प्रशिक्षक गेला. त्याने स्वतःच आपला जीव संपवला होता. तरुण होता, मुलांचा लाडका होता. बातमीदार धापा टाकत आला. कुठे, कसं, मागे काय लिहून ठेवलं, सगळं त्याच्या कागदात होतं. स्पर्धेतल्या हरण्यामुळे हे घडलं, असा मथळाही तयार होता.

"पहिल्या पानावर घ्या," संपादक म्हणाले. "फोटो मोठा टाका."

तेवढ्यात मी वाजलो. पलीकडे प्रशिक्षकाची बहीण होती. रडून तिचा आवाज बसला होता.

"बातमी देऊ नका असं नाही म्हणत मी," ती ताईंना म्हणाली. "पण कसं झालं ते नका छापू. त्याच्याकडे पोहायला शिकणारी पोरं पेपर वाचतात. आणि हरला म्हणून गेला, असं कोण म्हणतंय? हरला की तो पोरांना आइस्क्रीम खायला न्यायचा. कित्येक महिने त्याला झोप नव्हती, मन थाऱ्यावर नव्हतं. डॉक्टरकडे चल म्हटलं की उद्या म्हणायचा."

ताईंनी फोन ठेवला आणि थोडा वेळ हात माझ्यावरच राहू दिला. मग त्या संपादकांच्या टेबलाशी गेल्या.

"बाकीचे तिखटमीठ लावून छापतील," संपादक म्हणाले. "आपणच हात आखडता घेतला तर लोक म्हणतील, लपवलं."

"लपवायचं नाहीच. त्याने स्वतःच जीव संपवला, एवढं सांगू. पण रीत सांगायची नाही, आणि एकच कारण चिकटवायचं नाही. आधीच खचलेलं माणूस असलं काही वाचतं आणि त्याला तीच वाट दिसायला लागते. आपण दुसरी दाखवू."

संपादक बराच वेळ चष्मा पुसत बसले. "लिहा तुम्ही," ते शेवटी म्हणाले. "नाही पटलं तर बदलेन."

त्यांनी एक शब्दही बदलला नाही. बातमी आतल्या पानावर आली, साध्या मथळ्याची. खाली एक चौकट होती. मनाच्या दुखण्यावर उपचार असतात, एकटे राहू नका, बोला. आणि मदत केंद्राचा नंबर.

त्याच दिवशी दुपारी मी पुन्हा वाजलो. एका पुरुषाचा आवाज, विहिरीतून आल्यासारखा.

"चौकटीतला नंबर लागत नाही. म्हणून तुमचा फिरवला."

ताई खुर्ची ओढून बसल्या. "बरं केलंत. जीव द्यायचं मनात येतंय का तुमच्या?"

त्याने रिसीव्हर तोंडाजवळ ओढल्याचं मला कळलं.

"हो," तो म्हणाला.

"सांगितलंत ते चांगलं झालं. घरात कोण आहे आत्ता?"

"वहिनी आहे. आत कपडे घड्या करतेय."

"तिला हाक मारा. मी कुठे जात नाही."

हाक ऐकू आली. पावलं आली. तोवर बातमीदार दुसऱ्या फोनवरून मदत केंद्राचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होता. अखेर तो लागला. ताईंनी वहिनींना सगळं समजावलं, भावजींपाशी बसून राहा म्हणाल्या. केंद्रातल्या माणसांनी पुढे डॉक्टर गाठून दिले. शिपाईकाकांनी आणलेला चहा गार झाला. त्यांनी दुसरा आणला.

काही महिन्यांनी वहिनींचाच फोन आला. "भावजी औषधं घेतात, पण कुरकुर करत," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी पडलं म्हणून आज माझ्याशी भांडले. इतकं बरं वाटलं मला."

ताई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. तेव्हापासून अशा बातम्या आधी त्यांच्या टेबलावर यायच्या, असं संपादकांनीच ठरवून टाकलं.

पुढे बटणांचे फोन आले. माझी तार काढली, मला कपाटावर ठेवलं. धूळ बसते, पण अजून डोळा लागला की कुठलं तरी घर दिसतं.

मित्रांनो, तुमचं कुणी गप्प गप्प झालं, तर जवळ बसून त्याला विचारा. त्याने सांगितलेलं गुपित म्हणून मनात ठेवू नका, मोठ्या माणसाला लगेच सांगा. आणि तुमच्याच मनात जीव द्यायचं आलं, तर कुणाला तरी हाक मारा. पहिला नंबर लागला नाही, तर दुसरा फिरवा.