चौथं फूल

पिओनीच्या पाकळ्यांत एक मुंगी अडकली होती. तिला वाट करून देता देता सेराफिमाच्या लक्षात आलं, फुलं चार आहेत. जिवंत माणसाला कोणी सम आकड्यात फुलं देतं का? जोडीची फुलं थडग्यावर जातात. सिनेमावाल्यांची ती मॉस्कोची पोरगी, शूटिंगसाठी फलाटावर उभ्या केलेल्या गावातल्या बायकांना फुलं वाटताना मोजायचं विसरली असेल.

"टाक एक आणि मोकळी हो," शेजारची पेलागेया म्हणाली. "लढाईवरून परतलेले खोटे शिपाई ते. त्यांना कसलं आलंय सम-विषम?"

सेराफिमानं एक फूल फलाटाच्या कडेला टाकलं. तीन. आता बरं.

बरं कसलं... तिचा नवरा येगोर लढाईवर गेला तो याच फलाटावरून. पेलागेयाच्या नवऱ्याचा मृत्यूचा कागद आला. ती रडली, गावाला दिवसांचं जेवण घातलं, सुटली. येगोरच्या कागदावर नुसतं 'बेपत्ता'. त्याचं जेवण घालायचं म्हणजे आपल्याच हातानं त्याला मारायचं — सासूनं हात जोडले, तरी नाही घातलं. मी हट्टीच आहे मुळी. पण या हट्टापायी घर कसं खायला उठतं, ते माझं मला ठाऊक.

"मावशी," दिग्दर्शक जवळ येऊन म्हणाला, "तुमचा माणूस गाडीत नाहीये. शोधायचं, पण सापडायचं नाही. जमेल ना?"

"सवय आहे."

गाडी आली, बँड वाजायला लागला. एकेक चेहरा बघत ती पुढे सरकत होती — हा नाही, हाही नाही — आणि एका दारात येगोर उभा होता. तेच पुढे आलेले कान, तेच मान तिरकी करून बघणं... ती धावलीच.

"काय हो आजी?" पोरगा ओशाळून हसला.

आजी. पोरगा जेमतेम पंचविशीचा. म्हणजे इतकी वर्षं ती याचीच वाट बघत होती? खरा येगोर आता टकलू झाला असता, गुडघे धरून चालत असता. त्या म्हाताऱ्याला तिनं एकदाही डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. वय वाढत नाही ते मेलेल्यांचं... हे तिला आतून कधीपासून ठाऊक होतं?

"मावशी, सापडायचं नव्हतं ना," दिग्दर्शक ओरडला.

"नाही सापडला," ती म्हणाली.

शॉट पुन्हा घ्यायचा म्हणून गाडी मागे चालली. सेराफिमा आपल्या जागी आली, वाकली, पडलेलं फूल उचलून त्यावरची काजळी डोक्याच्या रुमालाच्या टोकानं पुसली आणि बाकीच्या तिन्हींत खोचलं. पेलागेयानं बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

लांबून पुन्हा शिट्टी आली. हातात चार फुलं धरून सेराफिमा उभी राहिली. ती ठेवायची कुठे, एवढं मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.