डावा कौल

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी क्षय झालेल्या मुलांना द्यायचं एक नवं औषध तपासून पाहायचं काम आमच्या पथकाकडं आलं. निम्म्या मुलांना नवं, निम्म्यांना नेहमीचं जुनं. कुणाला कोणतं, ते चिठ्ठी ठरवणार. हे घरच्यांना कसं सांगायचं, याची शिकवणी बदनापूरला चालली होती. मी निवृत्त मास्तर, नोंदी लिहायला घेतलेला. सरावासाठी डॉक्टरांनी मला पोराचा बाप केलं.

"माझ्याच पोराला जुनं का?" मी चाचरत विचारलं.

मग परिचारिका शिवकन्या म्हणाली, "देवाला कौल लावतो ना, तसं समजा."

डॉक्टर खूश झाले. सगळ्यांनी असंच सांगायचं ठरलं.

टेंभुर्णीत शिवकन्येनं साळूबाईला तसंच सांगितलं, अन् तिच्या वसंताला जुन्या औषधाची चिठ्ठी निघाली. पुढच्या फेरीला गेलो, तर पोरगं ओसरीत निपचित पडलेलं. श्वासागणिक बरगड्या वर येत होत्या. गोळ्यांची पुडी कोनाड्यात तशीच.

"मावशी, गोळ्या दिल्या न्हाईत?" शिवकन्येनं विचारलं.

"कशा देऊ? जुन्याची चिठ्ठी निघाली, म्हंजी कौल डावा आला." साळूबाईनं पोराला जवळ ओढलं. "देव न्हाई म्हणला, अन् तेच पाजू? माझ्या हातानं मारू लेकराला?"

पोर खोकलं; पदराला तांबडं लागलं.

"मावशी, त्यात देव नव्हता," शिवकन्या म्हणाली. "कौल म्हणले ते माझं चुकलं. जुन्या गोळ्यांनी पोरं बरी होत्यात. नव्यानं जास्त होत्यात का, ते डॉक्टरलाबी ठावं न्हाई."

"डॉक्टरलाबी?" साळूबाईचे डोळे विस्फारले. "मंग तुमी काय बघाया आलात, माझं पोर मरतंय का?"

शिवकन्येनं कोनाड्यातली पुडी उचलून आणली. ती म्हणाली, "नको वाटलं तर ही चिठ्ठ्यांची तपासणी सोडा. यादीतनं नाव काढू. पण गोळ्या सोडू नका, मावशी. सरकारी दवाखान्यातबी ह्याच देत्यात. बिगर गोळीचं न्हाई वाचायचं ते."

"खाऊन काही झालं तर?"

"मी हितंच बसते. ऊन उतरंपर्यंत."

साळूबाईनं वाटीत पाणी आणलं. गोळी पोराच्या जिभेवर ठेवली. वसंतानं घोट घेतला. आम्ही तिघंही त्याच्या गळ्याकडं बघत राहिलो.