पाकळी सुकेपर्यंत

मोटारीच्या मागच्या सीटवर मी मध्ये बसले होते. डावीकडे आते, उजवीकडे माझी ट्रंक. ट्रंक टपावर बांधता आली असती, पण भिजेल म्हणून तात्यांनी ती आत घ्यायला लावली. मालवण सोडल्यापासून मला गुडघे हलवता आले नव्हते.

"जरा तिकडे सर गो," आते म्हणाली.

"खंय सरू? ट्रंकेत?"

"पुस्तकां काढ नि बस भितुर. बी.एस्सी. झालंस, पण अजून बांगडो कापूक येणा नाय. थंय बेळगावात तुका कोण रांदून घालतलो?"

ड्रायव्हर युसूफ आरशात बघून हसला. पुढे बसलेले तात्या, माझे वडील, रस्त्याकडे बघत होते.

१९६१चा जुलै होता. बेळगावच्या एका कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत माझी नेमणूक झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. पत्र वाचून तात्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "आंबोलीक जावन मूळपुरुषाक विचारूया," एवढंच म्हणाले. चार पिढ्यांपूर्वी आमचं घराणं तिथून समुद्राकडे उतरलं. घरातलं माणूस परमुलखात जायचं तर तिथला कौल घ्यायची आमच्यात रीत. कौल मिळाला तर चार वाजता आंबोलीहून पुढे जाणारी बेळगावची बस मला गाठता येणार होती.

दाणोलीनंतर घाट लागला आणि धुकं आलं. युसूफ मान बाहेर काढून रस्त्याची कड बघत मोटार चालवू लागला. आतल्या काचांवरून पाणी ओघळत होतं. मी पुसत होते, ते पुन्हा धरत होतं.

एक वाजता देवळात पोचलो. देऊळ म्हणजे कौलारू छपराखाली एक खोली आणि कमरेइतका काळा पाषाण, तोच आमचा मूळपुरुष. गंगाराम गुरवांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. तात्या समोर बसले. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "चेडू परमुलखात जावचा म्हणता. धाडूचा असात तर उजवी दी म्हाराजा, नसात तर डावी."

दोन वाजले. अडीच वाजले. एकही पाकळी हलली नाही.

त्यात गूढ काही नव्हतं. पाकळी पाण्याच्या थरावर चिकटते. थर सुकला की पडते. त्या खोलीतल्या हवेत आणखी पाणी मावायला जागाच उरली नव्हती. सकाळी धुतलेला गुरवांचा पंचाही दोरीवर तसाच टपकत होता.

तीन वाजता मी तात्यांजवळ बसले. "तात्या, आज ती पडाची नाय. धुक्यात सुकणार कशी?"

तात्यांचा धंदा सुक्या मासळीचा. ते हळू आवाजात म्हणाले, "काय सुकता नि काय सुकणा नाय, ह्या तू माका शिकवतंस?"

"म्हणजे तुमका म्हायत होता?"

"माका म्हायत होता," ते पाषाणाकडे बघत म्हणाले. "तुझी आवस गेल्यापासून घरात तूच. जाव नको म्हणान सांगूक तोंड उघडला नाय. देव नाय म्हणालो तर तू माका हसतलंस. म्हटलं, बस तरी निघान जावंदे."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून आठ मिनिटं.

"तर मग उठा," मी म्हणाले. "बोलणां झाला ना."

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. गुरवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कौल पडापर्यंत इचारणाऱ्यान उठाचा नाय. ह्यो नेम तुमच्याच आज्यान घातलेलो."

"रात झाली तर?"

"रात झाली तर रात."

तात्या पुन्हा बसले. त्यांचा गुडघा दोन वर्षं दुखत होता. मला कोणी अडवलं नव्हतं, आणि तरी दारापर्यंत जाऊन मी परत आले. शेगडी आणली तर पाकळ्या सुकतील, तात्या सुटतील. पण मग उत्तरही येईल आणि ते डावं असू शकेल. तात्यांच्या तोंडून न आलेलं नाही मला पाषाणाकडून ऐकावं लागलं असतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. ते ऐकून माझे पाय निघाले असते, यावरही नव्हता.

"आते, गुरवांच्या घरातसून निखारे हाड."

आते शेगडी घेऊन आली. "खंय ठेवू? उजवीकडे ठेव गो. कोण बघता?"

"मी बघतंय," तात्या म्हणाले.

मी शेगडी मधोमध ठेवली. दोन्ही पाकळ्यांपासूनचं अंतर वितीने मोजलं आणि दोन बोटं डावीकडे सरकवली, तेव्हा ते सारखं झालं. खोबऱ्याच्या करवंट्यांचे निखारे चांगले फुलले होते. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, पाकळी सुकायला पाऊण तास लागणार होता. बस गाठायला माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

मी तात्यांच्या पायाला हात लावला.

"कौल पडाक दी गो," ते म्हणाले.

"पडात. तुम्ही बघा. आते, तेंका मगे धरून उठय."

युसूफने ट्रंक उचलली. बस थांबते त्या फाट्यावर त्याने मला सोडलं आणि लगेच देवळाकडे परत वळवली. बस आली तेव्हा तिचे दिवे हाताच्या अंतरावर आल्यावर दिसले. शेवटच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये जागा मिळाली, ट्रंक पायांवर. गुडघे पुन्हा पुढच्या बाकाला टेकले. बाहेर काही दिसत नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटांनी पाकळी पडायला हवी होती. सव्वाचारपर्यंत मी घड्याळावरून नजर काढली नाही. कंडक्टरने दोनदा विचारलं, "कुठं जायचं, बाई?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर मी सांगितलं.